शेल स्क्रिप्टमधील जेसन एस्केपिंग

शेल स्क्रिप्टमधून (शेलच्या आज्ञांची फाइल) जेसन (प्रोग्रामांमध्ये माहिती देण्याघेण्याचे मजकुरी स्वरूप) तयार करताना स्ट्रिंगमधील (अवतरणचिन्हांत ठेवलेल्या मजकुरातील) न्यूलाइन (ओळ संपल्याचे चिन्ह), अवतरणचिन्हे आणि बॅकस्लॅश जेसनच्या नियमांत बसवण्याची क्रिया. बॅश किंवा डॅश या शेलना जेसन कळत नाही. त्यांच्या लेखी तो नुसता मजकूर. म्हणून व्हेरिएबल थेट अवतरणचिन्हांत कोंबायचा मोह होतो, आणि मजकूर एका ओळीचा असेपर्यंत ते खपूनही जाते. गिट कमिटचा (कोडमधील बदलाच्या नोंदीचा) दोन ओळींचा संदेश वेबहुककडे (घडामोडी कळवण्याच्या वेब-पत्त्याकडे) धाडला, की सर्व्हर विनंती परत फेकतो.

जेसनचे मानक असलेल्या आरएफसी 8259 (2017) नुसार दुहेरी अवतरणचिन्ह, बॅकस्लॅश आणि 0 ते 31 क्रमांकांची नियंत्रण-चिन्हे स्ट्रिंगमध्ये उघडी ठेवता येत नाहीत. न्यूलाइनचा क्रमांक 10. तिच्या जागी बॅकस्लॅश आणि एन ही दोन अक्षरे लिहायची. देवनागरीला मात्र यातले काहीच लागत नाही: यूटीएफ-8 या अक्षर-संकेतनात ‘अ’ जसाच्या तसा चालतो, बॅकस्लॅश-यू-0905 असे लिहिले तरी तोच.

हाताने एस्केपिंग करायचे तर क्रम पाळावा लागतो. आधी बॅकस्लॅश दुप्पट, मग अवतरणचिन्हे. उलट केले तर अवतरणचिन्हामागे नुकताच घातलेला बॅकस्लॅशही दुप्पट होतो आणि स्ट्रिंग मध्येच संपते. न्यूलाइनसाठी सेड ही मजकूर बदलणारी आज्ञा वापरू पाहणारे हमखास अडतात, कारण सेड ओळ वाचतानाच तिच्या टोकाची न्यूलाइन काढून घेते. मजकूर छापणाऱ्या इको आज्ञेचाही भरवसा नाही: बॅशची इको सहसा बॅकस्लॅश-एन तसेच छापते, डॅशची त्याची खरी न्यूलाइन करते, म्हणजे नीट बांधलेले जेसन छापताना बिघडते. तिथे प्रिंटएफ ही आज्ञाच बरी. शिवाय कमांड सबस्टिट्यूशन (एका आज्ञेचे आउटपुट दुसरीकडे मजकूर म्हणून घेणे) शेवटच्या सगळ्या न्यूलाइन गुपचूप गाळते.

हे सगळे सोडून जेक्यू ही जेसन हाताळणारी आज्ञा वापरणे शहाणपणाचे. --आर्ग पर्यायाने दिलेले मूल्य ती स्वतः एस्केप करते, त्यामुळे कुणी नावाच्या रकान्यात अवतरणचिन्ह आणि स्वल्पविराम घुसवून नवी फील्ड जोडू शकत नाही. मात्र --आर्ग प्रत्येक मूल्य स्ट्रिंगच मानते. संख्या किंवा बूलियन (खरे-खोटे मूल्य) हवे तर --आर्गजेसन. मोठा लॉग मात्र असा देऊ नये: लिनक्सवर एका आर्ग्युमेंटची मर्यादा साधारणपणे 128 किबिबाइट असते. अशा वेळी फाइलच वाचायला द्यावी. त्यासाठी जेक्यूच्या 1.6 आवृत्तीपासून --रॉफाइल आहे, आणि त्यात शेवटची न्यूलाइनही शाबूत राहते.