बंब धूर का करतो? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आम्ही लाकडावर पाणी तापवणारे बंब बसवतो. लग्नसराई सुरू झाली की आम्हाला रोज एक तरी फोन येतो. "तुमचा बंब फार धूर करतोय, शेजाऱ्यांनी तक्रार केलीय, नोटीस आलीय." मंगल कार्यालय असो, वसतिगृह असो की लॉज, तक्रार हीच.

आमचा माणूस येऊन बघतो तेव्हा बंबाला बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. जळण ओलं असतं. ओंडक्याचं एक टोक पेटलेलं आणि दुसऱ्या टोकातून फेस येतोय, सूंऽऽ असा आवाज चाललाय. तो फेस म्हणजे लाकडातलं पाणी.

हिशेब बघा. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे १० किलोत ५ लिटर. एवढ्या पाण्याची वाफ व्हायला जी उष्णता लागते, तेवढ्यात १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर जातं. पाच बादल्या आंघोळीचं पाणी चिमणीतून गेलं म्हणायचं. शिवाय भट्टी थंड पडते, लाकडातून सुटलेला वायू न पेटताच बाहेर पडतो. तोच तो पिवळट धूर, आणि चिमणीत आतून डांबरासारखा चिकटतोही तोच. वखारीत तर लाकूड वजनावर मिळतं, त्यामुळे या पाण्याचे पैसेही तुम्हीच मोजलेले असतात.

यासाठी जळण दिवाळीनंतर लगेच घ्या आणि फोडून ठेवा. अख्खा बुंधा वर्षभर ठेवला तरी आतून ओलाच राहतो. खाली विटा, वर पत्रा, बाजू मोकळ्या. ताडपत्रीत गुंडाळू नका, ओल आतच कोंडते. आणि रात्री भट्टी गच्च भरून हवेची झडप बंद करू नका. सुकं लाकूडही मग धुमसतं.

आता नियमांचं. यात आमचीही नाराजी आहे. पाणी १०० अंशांच्या खाली तापवणारा आपला बिनदाबाचा बंब बाष्पक म्हणजे बॉयलरच्या कायद्यात येत नाही. १९२३ चा कायदा जाऊन २०२५ चा आला, तरी हे तसंच आहे. तरीही 'बॉयलर' शब्द ऐकला की लोक बाष्पके संचालनालयाची नोंदणी मागतात. धुराचा मामला वेगळा. तो १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याचा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. नोटीस आली तर ती कशाबद्दल आहे ते आधी वाचा आणि आम्हाला पाठवा, उत्तर लिहायला मदत करू. सुक्या जळणावर नीट चालणारा बंब आणि टायर जाळणारी भट्टी लोक एकाच पंगतीला बसवतात, याचा राग येतो. पण खिडकीतून धूर घरात येणाऱ्या शेजाऱ्याचं काही चुकत नाही.

म्हणूनच शेजारच्या छपराच्या वर चिमणी नेल्याशिवाय आम्ही बंब बसवत नाही. आमचं कोटेशन जरा जास्त दिसतं ते त्यामुळे. ज्वाळेच्या वरून हवा देणारी दुसरी झडपही आम्ही मूळ किमतीतच देतो. जुन्या बंबांना ती नंतर बसवता येते, एका दिवसाचं काम आहे.

ओल मोजायचं यंत्र आमच्याकडे आहे, ग्राहकांना दोन दिवस वापरायला देतो. लाकूड फोडून आतल्या बाजूला लावायचं, आकडा २० टक्क्यांच्या खाली हवा. यंत्र नसेल तर दोन फाटी एकमेकांवर आपटा. खणखणली तर जाळा. भद्द वाजली तर परत रचून ठेवा, आणि मग आम्हाला फोन करायची गरज पडते का बघा.