कुरळ्या केसांची वाढ आणि तूट

उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशातून आजोळी येणारी नात यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांनाही आता नवी राहिलेली नाही. आई वऱ्हाडातील आणि वडील केनियाचे किंवा नायजेरियाचे असले, तर मुलीचे केस बहुधा इतके दाट आणि कुरळे असतात की आजीचा बारीक दातांचा कंगवा त्यांत शिरताच अडतो. मग भरपूर तेल चोपडून, ओढून-ताणून दोन घट्ट वेण्या घातल्या जातात, आणि कपाळाजवळचे केस विरळ दिसू लागले की ‘पोरीला इथलं पाणी मानवलं नाही’ असे निदान होते. या निदानात थोडे तथ्य आहे. परंतु बराचसा दोष पाण्याचा नसून कंगव्याचा आणि वेणीचा असतो.

केस सरळ येणार की कुरळा, हे त्वचेखालीच ठरते. ज्या पिशवीसारख्या मुळातून केस उगवतो, ते मूळ सरळ असेल तर केसही सरळ येतो; मूळ वक्र असेल आणि त्याच्या दोन बाजूंच्या पेशी सारख्या प्रमाणात वाढत नसतील, तर केस वळण घेतच बाहेर पडतो आणि त्याचा आडवा छेद गोल न राहता चपटा होतो. या गुणावर अनेक जनुकांचा परिणाम होत असल्यामुळे मिश्रवंशीय मुलांचे केस आई-वडिलांच्या केसांची नेमकी सरासरी नसतात. एकाच डोक्यावर मानेपाशी सैल लाटा, माथ्यावर घट्ट वेटोळी आणि कानांजवळ जवळजवळ सरळ केस, असा प्रकार सहज आढळतो. घट्ट कुरळेपणा निरुपयोगीही नाही. अमेरिकेतील टीना लसिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरम केलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर सरळ व कुरळ्या केसांचे वेगवेगळे टोप चढवून प्रयोग केले आणि घट्ट कुरळ्या केसांमुळे उन्हाची उष्णता टाळूपर्यंत सर्वांत कमी पोहोचते, असे २०२३ मध्ये दाखवून दिले. पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या आपल्या मुलखात या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको.

केसाचे बाहेरचे आवरण म्हणजे सूक्ष्म खवल्यांचे थर. छपरावर कवेलू एकावर एक चढवतात, तशी त्यांची रचना असून त्यांच्या मोकळ्या कडा टोकाकडे वळलेल्या असतात. टाळूतून स्रवणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून खालपर्यंत सहज उतरते. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर मात्र ते रेंगाळते आणि टोके कोरडी राहतात. शिवाय केस जिथे पीळ घेतो, तिथे ताण एकवटतो आणि तडा बहुतेक वेळा तिथूनच जातो. म्हणूनच ‘हिचे केस वाढतच नाहीत’ ही तक्रार सहसा खरी नसते. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. घट्ट वेटोळ्यांच्या केसांत हा वेग काहीसा कमी असतो, पण वाढ थांबलेली नसते. जितके मुळातून येते तितकेच टोकाकडून तुटत असेल, तर लांबी वर्षभर जागच्या जागी राहणारच. त्यातच वेटोळ्यांमुळे केस ताणल्यावर भरतात त्याच्या निम्मेच दिसतात, ही भर वेगळी.

केस तुटत आहे की गळत आहे, हे घरीच पाहता येते. कंगव्यात आलेला केस उजेडात धरावा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून सुटलेला आहे, नसेल तर मध्येच तुटलेला आहे. दिवसाकाठी ५० ते १०० केस मुळापासून सुटणे स्वाभाविक असते. त्याहून बरेच अधिक सुटत असतील, तर कारण अनेकदा शरीरात शोधावे लागते, आणि लोहाची कमतरता हे त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण आहे. २०२५ च्या आरंभी बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात काही दिवसांतच अनेकांना टक्कल पडले, तेव्हा प्रथम संशय पाण्यावर गेला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियम या मूलद्रव्याच्या जादा प्रमाणाकडे बोट दाखवले. अशा गळतीवर कोणतेही तेल उपयोगाचे नाही, तिथे डॉक्टरच हवा. तुटणाऱ्या केसांचा उपाय मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतो.

आता पाण्याकडे वळू. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे, आणि इतरत्रही बोअरचे पाणी बहुधा जड असते. अशा पाण्यातील कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट पांढरा साका तयार करते. तो खवल्यांवर बसला की केस राठ होतात आणि एकमेकांत अडकतात. अंगाचा साबण अल्कधर्मी असल्याने खवलेही उचलले जातात. त्यामुळे केसांना साबण लावूच नये. सौम्य शाम्पू आठवड्यातून एकदा, तोही टाळूपुरता, पुरेसा आहे. पावसाळ्यात पन्हाळीचे स्वच्छ पाणी साठवून शेवटचे दोन तांबे त्याचे घेतले, तर फरक हाताला जाणवतो.

तेलाबद्दल आपल्याकडे श्रद्धा फार, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. तेलाने केसाला पाणी मिळत नाही. उलट ते पाण्याला आत शिरू देत नाही, आणि तोच त्याचा उपयोग आहे, कारण दर धुण्याला केस फुगतो, सुकताना आकसतो आणि या ये-जा करण्यात झिजतो. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची हानी कमी झाली, सूर्यफूल आणि खनिज तेलाने झाली नाही. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तरी खोबरेलातील लॉरिक आम्लाचे छोटे, सरळ रेणू केसात शिरतात, ही कारणमीमांसा पटण्याजोगी आहे. तेल धुण्याच्या आदल्या रात्री, थोडेच लावावे.

सर्वांत मोठी तूट विंचरताना होते. सरळ केस ओले असताना विंचरू नयेत हे खरे, पण कुरळ्या केसांना नियम उलटा लागतो: कोरडे तर ते कधीच विंचरू नयेत. शाम्पूनंतर भरपूर कंडिशनर लावून केसांचे चार-सहा भाग करावेत, एकेका भागाला चिमटा लावावा, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडच्या दोन बोटे लांबीपासून सुरुवात करून थोडे थोडे मुळाकडे सरकावे. गाठीच्या वर केस मुठीत घट्ट धरला की ओढ टाळूपर्यंत पोहोचत नाही आणि पोरगी रडत नाही. सरळ केसांतून गळालेला केस खाली पडतो, कुरळ्यातला वेटोळ्यातच अडकून बसतो. आठवडेच्या आठवडे तो सोडवला नाही, तर सगळा गुंता आवळून जट होते. या जटेत देवीचे बोलावणे वगैरे काही नसते. ती गळालेल्या केसांचीच असते आणि निर्धास्तपणे कापता येते.

धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या सुती धोतराने पाणी टिपावे. केस ओले असतानाच जवसाचा चिकट रस लावला, तर वेटोळी सुटी आणि आकारात राहतात. आपल्याकडे जवस चटणीपुरते उरले असले, तरी त्याच्या टरफलातील चिकट द्रव्य यासाठी उत्तम आहे. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात ढवळत उकळावे आणि पळीवरून अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखी तार पडू लागली की लगेच, गरम असतानाच, पातळ कापडातून गाळावे. निवल्यावर ते कापडातून उतरतच नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते. केस त्याने पोसला जात नाही, फक्त वर पातळ पापुद्रा बसतो.

राहिली वेणी. केस घट्ट ओढून बांधल्याने कडेचे केस विरळ होतात, हे वैद्यकाला १९०७ पासून ठाऊक आहे. ग्रीनलंडमधील स्त्रियांमध्ये ते प्रथम नोंदवले गेले. वेणीमुळे टाळू दुखत असेल किंवा कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या उठल्या असतील, तर ती त्याच दिवशी सोडावी, कारण सुरुवातीला गेलेले केस परत येतात, वर्षानुवर्षे ओढलेल्या जागी मुळेच मरतात. तालुक्याच्या पार्लरमधील स्ट्रेटनिंग-रिबाँडिंग मुलांच्या बाबतीत टाळावे. त्यात केसाच्या गाभ्यातील गंधकाचे बंध रसायनाने तोडले जातात, आणि आधीच पिळांवर नाजूक असलेला केस त्यानंतर अधिकच कमजोर होतो. ‘केराटिन’ म्हणून केल्या जाणाऱ्या काही उपचारांत तापवताना फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. तो कर्करोगकारक वायू बंद खोलीत मुलीच्या आणि पार्लरवालीच्याही छातीत जातो.