सायको-ऑन्कॉलॉजी

कर्करोगाच्या रुग्णाची आणि त्याच्या घरच्यांची मनःस्थिती हा उपचारांचाच भाग मानणारी वैद्यकशाखा. मनोविकारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांनी १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात अशा रुग्णांसाठी पूर्णवेळ मानसोपचार सेवा सुरू केली. शाखेचा आरंभ तिथून धरतात. आंतरराष्ट्रीय संघटना १९८४ची.

खरी अडचण ओळखण्याचीच असते. भूक मेली, झोप उडाली, अंगात त्राण नाही ही नैराश्याची लक्षणे आणि केमोचीही. म्हणून १९८३ मध्ये तयार झालेल्या ‘हॅड्स’ या चिंता व नैराश्य मोजणाऱ्या १४ प्रश्नांच्या चाचणीत शारीरिक तक्रारी जवळजवळ वगळल्या आहेत. त्याहून सुटसुटीत साधन म्हणजे ‘डिस्ट्रेस थर्मामीटर’. गेल्या आठवड्यातला त्रास ० ते १० पैकी किती, एवढेच रुग्णाने दाखवायचे. ४ किंवा जास्त आकडा आला की पुढची चौकशी. सोबत अडचणींची यादी असते आणि तिच्यात भीती-उदासीबरोबर पैसा, प्रवास, मुलांची देखभालही येते. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बाहेरगावाहून आलेल्यांना हा भाग समजावून सांगावा लागत नाही: धर्मशाळेत जागा मिळेतो काहीजण फूटपाथवरच मुक्काम करतात. अशा वेळी समुपदेशनाची सुरुवात राहण्याच्या सोयीपासून होते, म्हणून वैद्यकीय समाजसेवकाचे काम इथे दुय्यम समजू नये.

नुसता आकडा केसपेपरवर लिहून मात्र फारसे काही साधत नाही. त्यामागे माणूस लागतो. स्कॉटलंडमधील ५०० नैराश्यग्रस्त कर्करुग्णांवरील चाचणीत, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, प्रशिक्षित परिचारिकांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि कर्करोगतज्ज्ञ व फॅमिली डॉक्टरांच्या साथीने उपचार सांभाळले. सहा महिन्यांनी त्या गटातल्या ६२ टक्के रुग्णांचे नैराश्य निम्म्याने तरी उतरले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. मनोविकारतज्ज्ञांची वानवा असलेल्या आपल्याकडे ही पद्धत जास्त उपयोगाची वाटते. औषधांचा मेळ मात्र पाहावा लागतो: पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्या स्तनाच्या कर्करोगातील टॅमॉक्सिफेन या औषधाचे शरीरात होणारे सक्रिय रूपांतर रोखतात.

“डॉक्टर, बाबांना काही सांगू नका,” ही विनंती आपल्या ओपीडीत रोजची. ती केवळ आपलीच खोड नव्हे. अमेरिकेतही १९६१च्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल निदान न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे झाले. लपवाछपवीत रुग्णाला बहुधा सगळे कळलेले असते, फक्त बोलायला कोणी उरत नाही. वाईट बातमी सांगण्याच्या ‘स्पाइक्स’ या सहा पायऱ्यांच्या पद्धतीत म्हणूनच आधी रुग्णाला काय ठाऊक आहे आणि किती जाणून घ्यायचे आहे, हे त्यालाच विचारतात. “मला नको, मुलाशी बोला” हेही उत्तर त्यात ग्राह्य असते.