ठाण्यासाठी खासगी इमारत : सरकारचे अधिकार आले कुठून?

खासगी इमारत पोलीस ठाण्यासाठी हवी असेल, तर कायद्याने सरकारपुढे दोन वाटा ठेवल्या. भूसंपादनात मालकी सरकारकडे जाते आणि मालकाला मोबदला मिळतो. अधिग्रहणात मालकी मालकाकडेच राहते, ताबा मात्र जातो. महाराष्ट्रात खरा संघर्ष या दुसऱ्या वाटेवर झाला.

भूसंपादनाची सुरुवात बंगालमधल्या 1824 च्या नियमापासून होते. पुढे 1894 च्या कायद्याने ‘जमीन’ या व्याख्येत तिच्यावरची पक्की बांधकामेही घेतली, त्यामुळे इमारतींसाठी वेगळा कायदा लागला नाही. मालकाच्या बाजूची एक तरतूद त्यात होती : घराचा फक्त काही भाग घ्यायचा असेल, तर ‘घ्यायचे तर पूर्ण घर घ्या’ असा आग्रह मालक धरू शकत असे. हरकतीवर सुनावणीचा हक्क मात्र त्याला 1923 च्या दुरुस्तीने मिळाला.

अधिग्रहणाचे मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या भारत संरक्षण नियमांत आहे. युद्ध संपले, पण फाळणीनंतर मुंबईत जागेची टंचाई भयंकर वाढली आणि 1948 चा मुंबई जमीन अधिग्रहण कायदा आला. जागा रिकामी झाली की मालकाने सरकारला कळवायचे. राज्याच्या कामासाठी किंवा सार्वजनिक प्रयोजनासाठी सरकार ती घेणार. पोलिसांची गरज या शब्दांत सहज बसत होती. तात्पुरत्या सोयीसाठी घेतलेल्या जागा पुढे तीस-चाळीस वर्षे परत मिळाल्या नाहीत. भाडे जुन्याच दराचे, ताबा सरकारचा. हा मालकांवर उघड अन्याय होता.

सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये तो ओळखला : अधिग्रहण कायमचे असू शकत नाही, जागा कायमची हवी असेल तर रीतसर संपादन करा. 1994 मध्ये घटनापीठाने हे मत उचलून धरले. तरीही राज्याने 1996 मध्ये भाडे कायद्यात दुरुस्ती करून अशा जागांत सरकारला, किंवा सरकारने ज्यांना जागा दिली त्यांना, भाडेकरूचा दर्जा दिला. न्यायालयाने 2003 मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. मालकाने न्यायालयात मिळवलेले बरेचसे विधिमंडळात गमावले, असेच मला वाटते.

मोबदल्याची वाटच टाळण्याचा प्रयत्न हरियाणात झाला. गुरगावच्या पोलीस अधीक्षकांमार्फत राज्याने एका खासगी जमिनीवर प्रतिकूल कब्जाने, म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध दीर्घकाळ ताबा ठेवल्याने मालकी मिळते या तत्त्वावर, हक्क सांगितला. आपला ताबा 55 वर्षांचा आहे, असा दावा होता. संरक्षण करणाऱ्या खात्यानेच नागरिकाची जमीन बळकावू पाहावी, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कडक शब्दांत सुनावले आणि राज्यावर 50,000 रुपये खर्च बसवला.

1 जानेवारी 2014 पासून 2013 चा भूसंपादन कायदा लागू आहे. त्यातल्या सार्वजनिक प्रयोजनांत ‘राज्य पोलीस’ हे शब्द स्पष्ट आले आहेत, म्हणजे अधिकार कायम आहे. पण जुन्या कायद्यात शेवटी 30 टक्के असलेली दिलासा रक्कम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दल मोबदल्यावर मिळणारी जादा रक्कम) आता 100 टक्के झाली, आणि नेहमीची प्रक्रिया टाळून लगेच ताबा घेऊ देणारे तातडीचे कलम देशाचे संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती किंवा संसदेने मान्य केलेली आणीबाणी एवढ्यापुरतेच उरले. नेहमीच्या ठाण्याच्या इमारतीसाठी ते वापरता येत नाही.