फायरवॉल इंटरफेसचं नाव कसं ताडून पाहते?

'ईथ0 वरून आलेलं पॅकेट आत घे', असा नियम लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून येणारे डेटाचे तुकडे (पॅकेट्स) आत घेणाऱ्या किंवा अडवणाऱ्या पहारेकऱ्यात, लिहायला काही सेकंद लागतात. 'ईथ0' हे इंटरफेसचं, म्हणजे संगणकाच्या एका नेटवर्क जोडणीचं नाव. तो पाळताना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मात्र वेळेची फार काटकसर करावी लागते. 1 गिगाबिटच्या जोडणीवर 64 बाइटांची, म्हणजे सर्वांत लहान पॅकेट्स ओळीने आली, तर सेकंदाला सुमारे 14 लाख 88 हजार होतात. एकाच कोअरवर काम असेल, तर एका पॅकेटच्या वाट्याला 672 नॅनोसेकंद येतात. आयपीटेबल्स हे लिनक्सचं जुनं फायरवॉल-साधन नियम वरून खाली एकेक करून तपासतं. 100 नियम असले, तर एका नियमाला 7 नॅनोसेकंदही मिळत नाहीत.

एवढ्या वेळात नावं अक्षर-अक्षर लावून बघणं परवडत नाही. लिनक्समध्ये इंटरफेसच्या नावाला 16 बाइट ठरलेले आहेत: जास्तीत जास्त 15 अक्षरं आणि शेवटी शून्य. 64 बिटी प्रोसेसर एका दमात 8 बाइट उचलतो, म्हणजे अख्खं नाव दोन घासांत येतं. पॅकेट ज्यावरून आलं त्या इंटरफेसचं नाव आणि नियमातलं नाव यांचा एक्सऑर घेतला (म्हणजे बिटाला बिट लावून फरक काढला) की सारखे बिट शून्य होतात. 'ईथ0' आणि 'ईथ1' घ्या: शेवटच्या अक्षरांचे कोड 48 आणि 49, म्हणून एक बिट उरतो. उत्तर शून्य नाही, नियम लागू नाही.

मला यातला मास्क, म्हणजे नावातले कुठले बाइट तपासायचे ते ठरवणारा मुखवटा, सर्वांत सुंदर वाटतो. 'पीपीपी+', म्हणजे 'पीपीपी'ने सुरू होणारं कुठलंही नाव, म्हटलं की तो पहिले तीनच बाइट बघतो. पूर्ण नाव दिलं, तर शेवटचं शून्यही तपासतो. नाहीतर 'ईथ1' चा नियम 'ईथ10' लाही लागला असता. 2009 मध्ये कर्नलचे एक प्रोग्रामर एरिक ड्युमाझे यांना मोजमाप घेताना दिसलं, की कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) इथलं लूप, म्हणजे तीच पायरी पुन्हा पुन्हा करणारा भाग, नीट उलगडून सरळ ओळीत मांडत नाही. त्यांनी ते हाताने उलगडलं.

2014 च्या लिनक्स 3.13 मध्ये आयपीटेबल्सच्या जागी येऊ पाहणारं एनएफटेबल्स आलं. त्यात 'आयआयएफ' लिहिलं तर नावाऐवजी इंटरफेसचा क्रमांक ताडला जातो, आणि ते अर्थातच स्वस्त पडतं. पण हा क्रमांक नियम भरतानाच ठरतो. पीपीपीची जोडणी तुटून पुन्हा लागली की तिला नवा क्रमांक मिळू शकतो, आणि नियम गुपचूप निकामी होतो. अशा येत्या-जात्या इंटरफेसला 'आयआयएफनेम', म्हणजे नावच वापरावं. वेग हवाच असेल तर सगळी नावं एका व्हर्डिक्ट मॅपमध्ये, म्हणजे नावासमोर पुढचा निर्णय लिहिलेल्या तक्त्यात, ठेवावीत; मग शंभर नियम चाळण्याऐवजी एकदाच शोध घेऊन पॅकेट थेट आपल्या नियमांकडे जातं.