ड्यूको ते सिरॅमिक: गाडीच्या पॉलिशमध्ये एकाच ब्रँडचा आग्रह आला कुठून?

मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही डेंटर-पेंटरला गाडीच्या दाराला आलेला पोचा दाखवा. "पत्रा ठोकून ड्यूको मारून देतो, दोन दिवस गाडी ठेवा," असं उत्तर मिळतं. त्याच्याकडचा डबा कुठल्याही कंपनीचा असो, कामाचं नाव ड्यूकोच. सुतारसुद्धा कपाटाच्या दाराला ड्यूको फिनिश देतो. ड्यूको हे मुळात अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या रंगाचं १९२० च्या दशकातलं व्यापारी नाव. कंपनी लोक विसरले आणि नाव कामाला चिकटलं. गाडी चमकवण्याचं सामान सगळं एकाच कंपनीचं घ्यावं की ज्याचं जे चांगलं ते उचलावं, हा वाद आज बाटल्यांवरून होतो. पण त्याची मुळं बाटलीत नाहीत, गाडीच्या रंगात आहेत. रंग बदलत गेला तसं या प्रश्नाचं उत्तरही बदललं.

अगदी सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच रंगवत. तेलातलं व्हार्निश, ब्रशनं मारलेले थर, मध्येमध्ये घासाई. एक गाडी वाळून बाहेर पडायला आठवडे लागायचे. लाकडी बग्गी, लाकडी फर्निचर आणि मोटार यांना एकच पॉलिश चालायचं. आज गाड्यांच्या दुनियेत मोठं नाव असलेल्या मेग्वायर्सची सुरुवात १९०१ साली फ्रँक मेग्वायर यांनी फर्निचरच्या पॉलिशनं केली, ती यामुळेच. घरातल्या टेबलाला जे लागतं तेच गाडीच्या दाराला, म्हटल्यावर ब्रँडचा प्रश्नच कुठे येतो?

१९२३ मध्ये जनरल मोटर्सनं आपल्या ओकलंड गाड्यांना ड्यूपाँचा नवा नायट्रोसेल्युलोज लॅकर मारला. निळ्या रंगाच्या त्या गाड्या १९२४ च्या मॉडेल म्हणून बाजारात आल्या. हा रंग फवाऱ्यानं मारता यायचा आणि काही तासांत वाळायचा. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. पण लॅकर वाळल्यावर आपोआप चमकत नसे, घासून चमक काढावी लागे. वर उन्हात काही महिने उभा राहिला की त्यावर खडूसारखी पांढरी भुकटी धरायची. म्हणजे कारखान्याचा वेळ वाचला आणि घासायचं काम मालकाच्या गळ्यात आलं. पॉलिशचा मोठा बाजार उभा राहिला तो या भुकटीवर.

शिकागोची सायमनिझ १९१० पासून धंद्यात होती. तिच्या मालाचं वैशिष्ट्य म्हणजे डबे दोन: आधी क्लीनर, त्यानं मेलेला थर काढायचा, आणि मग मेण. माझ्या मते 'सिस्टिम' नावाच्या कल्पनेचा उगम इथे आहे. दोन डब्यांपैकी एक घेतला की दुसराही त्याच घराचा घ्यावासा वाटतो. सायमनिझचं नाव इतकं रुळलं की इंग्रजी शब्दकोशात 'सायमनाइझ' हे क्रियापद जाऊन बसलं, अर्थ गाडीला मेण लावून घासणं. आपल्या ड्यूकोचाच भाऊ.

पण त्या दोन डब्यांना एकमेकांची रासायनिक गरज काहीच नव्हती. क्लीनर म्हणजे बारीक घासणी आणि विद्रावक. मेणात मुख्य माल कार्नोबाचा, म्हणजे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचा थर. नैसर्गिक मेणांत तो सगळ्यात कठीण, वितळायला ८० अंश सेल्सिअसच्या पुढे तापमान लागतं. ते झाड कुठल्याही पॉलिश कंपनीच्या मालकीचं नव्हतं, कच्चा माल सगळे तिकडूनच आणत. फरक इतकाच, की कोणाच्या डब्यात तेल जास्त, कोणाच्यात विद्रावक. एकाचा क्लीनर आणि दुसऱ्याचं मेण वापरलं तर गाडीला पत्ताही लागत नसे.

या दोन डब्यांना पहिला धक्का दिला तो शिकागोच्याच बेन हर्श यांनी. १९४० च्या दशकात घरच्या टबमध्ये ढवळून त्यांनी 'प्लॅस्टोन' नावाचं पातळ मेण केलं. पुढे त्याचंच नाव टर्टल वॅक्स झालं. ते माल कसा विकायचे, याची गोष्ट सांगतात. बेसबॉलच्या सामन्याला लोक गाड्या लावून आत गेले की हर्श एखाद्या गाडीचा एकच मडगार्ड चमकवून ठेवायचे आणि मालक परत येण्याची वाट बघत उभे राहायचे. एक बाजू आरसा आणि बाकी गाडी धुरकट! मालक बाटली घेणार नाही तर काय करणार? एकाच बाटलीत सगळं, एकदाच पुसायचं. ब्रँडवरची निष्ठा तेव्हा सोयीवर उभी होती, रसायनशास्त्रावर नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिशमध्ये सिलिकोन आलं आणि प्रकरण पहिल्यांदा गंभीर झालं. सिलिकोन तेलामुळे मेण लोण्यासारखं पसरतं, हात दुखत नाही, चकाकी लगेच येते. घरी गाडी पुसणाऱ्यांची चंगळ झाली, पण पेंटरच्या डोक्याला ताप झाला. सिलिकोनचा अंश राहिलेल्या पत्र्यावर नवा रंग मारला की रंग तिथून पळतो आणि गोल खड्डे पडतात. आपल्याकडचे पेंटरही त्याला 'फिश आय'च म्हणतात, आणि एकदा ते दिसले की सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून बॉडी शॉपसाठी सिलिकोनविरहित मालाची वेगळी ओळ निघाली. 'कुठलंही कशावरही चालतं' हा जुना विश्वास इथे मोडला. गंमत म्हणजे भांडण दोन पॉलिश कंपन्यांचं नव्हतंच, पॉलिश आणि रंग यांचं होतं.

खरा बदल घडला तो क्लिअर कोटनं. १९७० च्या दशकात युरोपात आणि ८० च्या दशकात अमेरिकेत रंगाचे दोन भाग झाले: खाली रंग, वर पारदर्शक थर. आपल्याकडे उदारीकरणानंतर नव्या गाड्या आणि मेटॅलिक रंग आले तेव्हा हा प्रकार सर्रास झाला. त्याआधीची पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडर घासली की फडक्याला गाडीचा रंग लागायचा. नव्या गाडीचं फडकं पांढरंच राहतं, कारण घासला जातो तो वरचा काचेसारखा थर. तो असतो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसापेक्षा पातळ. खरखरीत रबिंग कंपाउंड, म्हणजे घासणीची पेस्ट, घेऊन तासभर फिरवायची जुनी सवय इथे महागात पडते. थर संपला की संपला, मग ड्यूकोवाल्याकडेच जायचं.

एवढ्याशा थरावर काम करायचं म्हणजे घासणीचा दाणा, फोमचं पॅड आणि मशीनची फिरकी यांचं गणित जुळवावं लागतं. संचाची कल्पना पहिल्यांदा तांत्रिक अर्थानं खरी ठरली ती इथे. मिलानजवळची रुपेस कंपनी पॅड आणि कंपाउंड यांना एकाच रंगाची खूण देते: निळं सगळ्यात जहाल, मग हिरवं, पिवळं बारीक आणि पांढरं सगळ्यात नाजूक. निळ्या पॅडवर निळ्या बाटलीतलं कंपाउंड, डोकं चालवायला नको. आता अमेरिकेतल्या लेक कंट्रीचे जुने प्रचलित पॅड बघा. तिथे पिवळं म्हणजे सगळ्यात कापणारं, नारिंगी मध्यम, पांढरं पॉलिशचं आणि काळं शेवटचा हात फिरवायला. दोन्हीकडे पिवळं, अर्थ बरोब्बर उलटा. शेवटचा हात म्हणून चुकीचं पिवळं पॅड काळ्या बॉनेटवर फिरवलं, तर गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही आणि सकाळच्या उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे चमकतात.

दाण्याचीही तीच तऱ्हा. मेन्झर्नासारख्या जुन्या जर्मन घराण्यांची कंपाउंडं झिजत जाणाऱ्या दाण्यांची: घासता घासता दाणा बारीक होतो, म्हणून फेरी पूर्ण करावी लागते, मध्येच थांबलात तर धूसरपणा राहतो. मेग्वायर्सच्या १०५ आणि २०५ क्रमांकाच्या बाटल्यांत दाणा पहिल्यापासूनच अतिबारीक आणि एकसारखा, तो झिजून बारीक होण्यावर काम अवलंबून नाही. दोन्ही पद्धती उत्तम. पण कालच्या पॅडमध्ये एका जातीचा माल मुरलेला आणि आज त्यावर दुसऱ्या जातीचा थेंब, असं झालं की थांबायचं कधी हे हाताला कळत नाही. सरमिसळ करायचीच असेल तर निदान पॅड वेगळं ठेवावं, एवढं भान अनुभवी माणसं पाळतात.

बाकीच्या टप्प्यांवर मात्र हा आग्रह माझ्या मते बराचसा दुकानदारीचा आहे. क्ले बार घ्या. जपानमधून आलेला हा चिकणमातीसारखा गोळा रंगात रुतलेले लोखंडी कण आणि रंगाच्या फवाऱ्याचे शिंतोडे ओढून काढतो. रेल्वे रुळांजवळ गाडी लावणाऱ्यांना त्याची महती कळते. डब्यात त्याच कंपनीचा निसरडा स्प्रे दिलेला असतो, आणि तोच वापरा अशी सूचना. काम निसरडेपणाचं आहे. शॅम्पूच्या पाण्यानंही भागतं. चाकांवर मारला की जांभळा ओघळणारा क्लीनर घ्या. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी रंग धरतं. त्याच कुळातली रसायनं केस कुरळे करायच्या औषधात असतात, म्हणून कुठलीही बाटली उघडा, सुगंधाच्या पडद्यामागून तोच ब्यूटी पार्लरचा दर्प येतो. मायक्रोफायबरचा कापड तर कुठल्या पॉलिशवाल्याचा शोधच नाही, त्या अतिसूक्ष्म धाग्याचं मूळ १९७० च्या सुमारास जपानच्या तोरे कंपनीच्या कृत्रिम सुएडपर्यंत जातं. शिवाय बरेच छोटे ब्रँड माल स्वतः बनवतच नाहीत. कंत्राटी कारखान्यातून पिंप येतं, रंग आणि वास आपापला.

सिरॅमिक कोटिंगनं हे पारडं पुन्हा फिरवलं. मेण रंगावर नुसतं बसतं. कोटिंगमधली सिलिकाच्या कुळातली रसायनं क्लिअर कोटला धरून कडक होतात, पण पृष्ठभाग पूर्ण उघडा मिळाला तरच. पॉलिशमधलं तेल उरलं तर ती तेलाला धरतात. म्हणून आधी अल्कोहोल मिसळलेल्या द्रावणानं पॅनेल पुसायचं. मी हा धडा स्वतःच्या गाडीवर घेतला. एका बाटलीतलं गुळगुळीत करणारं ग्लेझ लावून गाडी इतकी देखणी दिसली की ती चमक पुसून काढायचा जीव होईना. त्यावरच दुसऱ्या कंपनीचं कोटिंग चढवलं. पहिल्या पावसात थेंब मोत्यासारखे उभे होते, गणपती येईपर्यंत बॉनेटवर पाणी सपाट पसरायला लागलं. दोष कुठल्याच बाटलीचा नव्हता. पुसायला हवं ते मी पुसलं नव्हतं. (आणि ती '९एच' कडकपणाची जाहिरात: तो आकडा पेन्सिलीनं ओरखडा काढायच्या चाचणीचा आहे, हिऱ्या-माणकांच्या मोजपट्टीचा नाही.)

कोटिंगबरोबर आली वॉरंटी, आणि निष्ठा पहिल्यांदा कागदावर आली. तीन वर्षं, पाच वर्षं, पण दर काही महिन्यांनी आमच्याच डिटेलिंग स्टुडिओत (गाडी चमकवून देणाऱ्या दुकानात), आमच्याच शॅम्पूनं देखभाल, कार्डावर शिक्का. अशा अटींचा वाद जुना आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानं ग्राहकोपयोगी वस्तूंच्या लेखी वॉरंटीला 'आमच्याच ब्रँडचा माल वापरा' अशी अट जोडायला बंदी घातली, माल फुकट दिला किंवा खास परवानगी मिळवली तरच सूट. आपल्याकडे पॉलिशबद्दल असं काही नाही. पण २००२ च्या स्पर्धा कायद्यात एका मालाला दुसरा माल बांधून विकण्याचा मुद्दा आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये सुट्या भागांच्या प्रकरणात स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. दंडाचं पुढे अपिलात काय झालं ते बाजूला ठेवू. बाहेरच्या मेकॅनिककडे गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, हे त्या आदेशात स्पष्ट होतं.

मधल्या काळात आपल्याकडे आणखी एक शब्द येऊन गेला. नवी गाडी घेताना शोरूममध्ये "टेफ्लॉन करून घ्या साहेब" असा आग्रह असायचा, आणि नातेवाईकही विचारायचे, टेफ्लॉन केलं का? टेफ्लॉन हेही मुळात ड्यूपाँचंच नाव, १९३८ मध्ये तिथे सापडलेल्या पदार्थाचं. तो पदार्थ वितळतो सुमारे ३२७ अंशांना. तव्यावर तो भट्टीत भाजून बसवतात. उभ्या गाडीच्या बॉनेटवर तसा थर बसवायचा तर आधी रंगच जळून जाईल. गाडीवर प्रत्यक्षात राहायचं ते बाटलीतलं मेण नाहीतर पॉलिमर, आणि तेवढ्यापुरतं ते ठीकच काम करायचं.

आज एखाद्या बऱ्या डिटेलिंग स्टुडिओत जाऊन टेबलाकडे नीट बघा. मशीन एका कंपनीचं, पॅड दुसऱ्याचे, कंपाउंडच्या बाटल्या निदान दोन घराण्यांच्या, शॅम्पू पाच लिटरच्या साध्या कॅनमधला, त्यावर मार्करनं नुसतं 'फोम' लिहिलेलं. कोटिंगची बाटली मात्र टेबलावर नसते. ती कुलूपबंद कपाटात असते, वॉरंटी कार्डांच्या गठ्ठ्याशेजारी.