क्रीडाशास्त्राच्या लॅबपर्यंत पोचायचं कसं? खान्देशातल्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाची माहिती

‘सर, बी.एस्सी. झालं, कबड्डी युनिव्हर्सिटीपर्यंत खेळलो. आता खेळाच्या लॅबमध्ये शिकायचंय, एम.पी.एड.चा फॉर्म भरू का?’ दर उन्हाळ्यात शहादा, चोपड्याकडून असा एखादा फोन येतोच. भाऊ, थेट नाही भरता येणार. आधी दोन वर्षांचं बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदवी), मग एम.पी.एड. (त्यातलीच पदव्युत्तर पदवी), तेही दोन वर्षांचं. बी.पी.एड.ला (किंवा शारीरिक शिक्षणातल्या समकक्ष पदवीला) 50 टक्के लागतात. राखीव प्रवर्गाला सवलत आहे.

दोन्हींसाठी राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा असते, एक लेखी आणि एक मैदानी चाचणी. इथे हमखास घोळ होतो: सीईटी दिली म्हणजे प्रवेश झाला असं समजून मुलं घरी बसतात. कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करावी लागते. कागदपत्रांची तपासणी, मग कॉलेजांचा पसंतीक्रम, मग यादी. नोंदणीची तारीख हुकली की मार्कांचा उपयोग शून्य.

कागदपत्रांत दहावी-बारावीपासूनच्या मार्कलिस्ट, टीसी, डोमिसाईल हे नेहमीचंच. खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. अडतं ते जातवैधतेपाशी. नंदुरबार-धुळ्याकडच्या आदिवासी मुलांनी व्हॅलिडिटीचा अर्ज प्रवेशाच्या बऱ्याच आधी टाकावा. वाडवडिलांचे जुने दाखले शोधण्यातच महिने जातात. ओबीसींनी नॉन-क्रिमीलेअरवरची मुदत आधी वाचावी.

एम.पी.एड.ला संशोधन प्रक्रिया, संख्याशास्त्र, व्यायाम शरीरक्रियाशास्त्र, जीवयांत्रिकी हे विषय आणि प्रात्यक्षिकं असतात. महागडं यंत्र नाही म्हणून रडू नका. क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्टला (बाकावर चढ-उतार करून दमसास मोजायची चाचणी) 41.3 सेंटीमीटर उंचीचा बाक, मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) आणि स्टॉपवॉच पुरतं. तीन मिनिटं चढ-उतार, मुलांनी मिनिटाला 24 वेळा, मुलींनी 22 वेळा. थांबल्यावर पाचव्या सेकंदापासून विसाव्यापर्यंत नाडी मोजायची आणि चारने गुणायचं. मुलांसाठी सूत्र: 111.33 वजा 0.42 गुणिले नाडी. नाडी 152 आली तर ऑक्सिजन वापरण्याची क्षमता 47.49 मिली, किलोमागे मिनिटाला. आता मोजताना एकच ठोका चुकला, तर गुणाकारात चार ठोक्यांचा फरक पडतो आणि उत्तर 1.68 ने हलतं. बोट मनगटावर नीट बसवायला शिकणं म्हणजेच लॅब. आणि जळगावच्या मे महिन्यात दुपारी चाचणी घेऊच नका. उकाड्यानेच नाडी चढलेली असते. सकाळी घ्या, तापमान वहीत लिहा.

पुढे पीएच.डी. करायची तर पदव्युत्तरला 55 टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी आणि दिव्यांगांना 5 टक्क्यांची सूट. प्रवेश नेटच्या (राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) गुणांवर किंवा विद्यापीठाच्या पेटवर, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षेवर. आपल्याकडे ते विद्यापीठ म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं, कालावधी किमान तीन वर्षं.

शाळकरी खेळाडूंवर अभ्यास असेल तर डेटा गोळा करण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी घ्या. मुख्याध्यापकांची सही पुरत नाही. पालकांची लेखी संमती हवी आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही. बारा वर्षांपुढे तो लेखी. धडगावच्या पाड्यावर मराठी फॉर्म नुसता पुढे करून भागत नाही, तिथल्या पावरी बोलीत समजावून सांगणारं कुणी सोबत न्या. पालकांनी अंगठा उठवला तर शेजारी साक्षीदाराची सही लागते, आणि तो साक्षीदार तुमच्या टीमबाहेरचा असावा.